मोजपट्टी निवडण्याआधी

माणसं निर्णय अंतःप्रेरणेने (झटकन आतून सुचेल तसे) घेतात की विश्लेषणाने (पायरीपायरीने विचार करून), हे मोजण्याचा तुमचा आराखडा वाचला. विषय छान निवडलाय, पण एक गोष्ट आत्ताच बदला. अंतःप्रेरणा आणि विश्लेषण ही एकाच रेषेची दोन टोकं धरू नका. ॲलिन्सन आणि हेज या संशोधकांची १९९६ची ३८ विधानांची प्रश्नावली तसं धरते. मानसशास्त्रज्ञ एपस्टाइन यांच्या गटाची प्रश्नावली मात्र दोन्हींना वेगवेगळे गुण देते. मला दुसरी वाट पटते. दोन्हींकडे भक्कम असलेली माणसं असतातच, आणि एकाच रेषेवर मोजलं की ती मधोमध जाऊन दोन्हींत कच्च्या असलेल्यांत मिसळून जातात.

शिवाय माणूस स्वतःबद्दल जे सांगतो आणि प्रत्यक्षात जसा वागतो, त्यात फरक असतो. म्हणून जोडीला संशोधक फ्रेडरिक यांची २००५ची तीन प्रश्नांची चाचणी घ्या; झटकन सुचलेलं चुकीचं उत्तर माणूस थांबून तपासतो का, हे ती पाहते. त्यातला एक असा: तळ्यातल्या कमळाच्या पानांचा पसारा रोज दुप्पट होतो, ४८ दिवसांत तळं झाकलं जातं, तर अर्धं तळं झाकायला किती दिवस लागले? तोंडात झटकन २४ येतं. उत्तर आहे ४७. इथे २४ लिहिणारा आणि १२ लिहिणारा यांना एकाच रकान्यात टाकू नका. पहिला झटक्यात फसला, दुसऱ्याचं बहुधा गणितच कच्चं आहे. हे कोडं आता फार पसरलंय, त्यामुळे ‘आधी पाहिलंय का?’ हे विचाराच.

आणि हो, प्रश्नावलीतल्या उलट्या विधानांचे (ज्यांना ‘हो’ म्हणणं म्हणजे तो गुण कमी असणं) गुण फिरवून घ्या: १ ते ५च्या श्रेणीत ६ मधून वजा.