केस गेला, पेशी कुठे गेली?

प्रश्न : पेशीतल्या प्रथिनांची वाटणी बिघडली की ड्रोसोफिलाच्या (फळमाशीच्या) पाठीवरचे केस नाहीसे होतात, असं वाचलं. म्हणून सडक्या द्राक्षांवरची चिलटं बाटलीत वाढवली आणि त्यांचे कोष ३० अंशांवर ठेवले. केस जसेच्या तसे आले. कुठे चुकलं?
– बी.एस्सी.चे विद्यार्थी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : माशी निवडण्यात चुकलं. द्राक्षांवर पकडलेल्या चिलटांचं डायनामिन हे प्रथिन ३० अंशांवरही नीट चालतं. या प्रयोगाला 'शिबिरे' जनुकाचा तापमानाला संवेदनशील वाण लागतो. त्याचं डायनामिन १८ ते २० अंशांवर काम करतं, २९-३० अंशांवर बंद पडतं. पेशीच्या पटलावरून आत ओढल्या जाणाऱ्या पुटिकेचा, म्हणजे इवल्या पिशवीचा, देठ कापणं, हे डायनामिनचं काम.

केसाशी त्याचा संबंध असा. पाठीवरचा प्रत्येक केस एका मूळ पेशीपासून तयार होतो. ती विभागते तेव्हा नम्ब आणि न्यूरलाइज्ड ही प्रथिनं तिच्या एका कडेला गोळा झालेली असतात, त्यामुळे ती एकाच कन्यापेशीच्या वाट्याला येतात. न्यूरलाइज्डमुळे ही पेशी आपल्या पटलावरचं डेल्टा हे प्रथिन आत ओढते. डेल्टाने शेजारच्या पेशीच्या पटलावरचं नॉच हे प्रथिन धरलेलं असतं. ओढ बसली की नॉच तुटतं आणि त्याचा आतला तुकडा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. नम्ब असलेल्या पेशीत मात्र नॉच दाबलेलं राहतं. नॉच चालू झालेल्या पेशीतून केस आणि त्याची खोबण होते, दुसरीतून चेतापेशी आणि तिचं आवरण. डीएनए दोघींत तोच!

डायनामिन थांबलं की डेल्टा आत जात नाही, नॉच चालू होत नाही आणि दोन्ही कन्यापेशी चेतापेशीच्या वाटेने जातात. वरून टक्कल दिसतं, खाली चेतापेशी मात्र जास्त असतात. म्हणून नुसते केस मोजून 'पेशी मेल्या' असं लिहू नका. चेतापेशींची खूण असलेल्या एलाव प्रथिनाच्या प्रतिपिंडाने चेतापेशी रंगवून मोजा.

आता कृती. अळी आक्रसून पांढरी, निश्चल झाली की तो शून्य तास धरा. हा पांढरेपणा तासाभरात जातो, तेव्हा ओल्या कुंचल्याने लगेच वेगळी करा. पाठीवरच्या बारीक केसांच्या मूळ पेशी २५ अंशांवर साधारण १६ ते १८ तासांनी विभागतात. १८ अंशांवर वाढ जवळजवळ निम्म्या वेगाने होते, म्हणून हा आकडा दुपटीच्या आसपास धरा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. उष्णता लवकर दिली तर उलटं घडतं : शेजाऱ्याला मूळ पेशी होण्यापासून रोखणारा नॉचचा संदेशच थांबतो आणि केसांचे झुबके येतात. दोन-दोन तासांच्या अंतराने कोषांचे गट करा, प्रत्येक गट बंद नळीत ३० अंशांच्या पाण्याच्या कुंडात (वॉटर बाथमध्ये) ४ ते ६ तास ठेवा, मग परत थंड जागी. सोबत साध्या माशीच्या कोषांनाही तेवढीच उष्णता द्या, नाहीतर निव्वळ तापाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही.

शिबिरेचा साठा नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये खोलीतल्या कपाटात टिकणार नाही. २९-३० अंशांच्या वर तर साधे नरसुद्धा वांझ होतात. थंड इन्क्युबेटरची सोय झाल्यावरच वाण मागवा.