जर्मनीतून मुखत्यारपत्र: इथली नोटरी आणि अपोस्टिल भारतात चालेल का?

फ्रँकफर्टजवळ राहता, महाराष्ट्रातला फ्लॅट विकायचाय, भावाला मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) द्यायचंय आणि इथल्या नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून लागणारा आंतरराष्ट्रीय शिक्का, घेतलं तर भारतीय वकिलातीची फेरी वाचेल का, असं विचारलंय तुम्ही. वाचता वाचता माझं जुनं दुखणं वर आलं, म्हणून जरा लांब लिहितेय.

फेरी वाचणार नाही. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, पण जर्मनीने त्यावर हरकत नोंदवली. त्यामुळे या दोन देशांत अपोस्टिल चालत नाही. अमेरिकेतल्या कुणाचं त्यावर भागलं असेल, तो हिशोब इथे लावू नका. बर्लिन, हॅम्बुर्ग, म्युनिक, फ्रँकफर्ट इथल्या भारतीय वकिलातींपैकी तुमच्या पत्त्याला जी लागू असेल तिथेच जा. अपॉइंटमेंट, फोटो, झेरॉक्स हे सगळं साइटवर आहे, ते मी परत लिहीत नाही. सही मात्र घरून करून नेऊ नका.

खरी गोम वेगळीच आहे. वकिलात फक्त तुमची सही तुमचीच आहे एवढं सांगते. मसुदा बरोबर आहे की नाही, हे बघणं तिचं काम नाही. तो पास-नापास करणारं टेबल भारतातल्या नोंदणी कार्यालयात असतं, आणि माझं घोडं तिथेच अडलं.

कार्यालयाचं नाव घेत नाही. मसुदा आधीच व्हॉट्सॲपवर पाठवला होता. उत्तर आलं, ‘चालेल मॅडम, ओरिजिनल येऊ द्या.’ ओरिजिनल गेलं. साहेबांनी पहिलं पान उलटलं आणि करारनाम्यावर बोट ठेवलं: इथे माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला सोबत जोडलेला होता, तो त्यांनी उघडूनही पाहिला नाही. प्रतिज्ञापत्र देते म्हटलं, तर तेही वकिलातीतूनच हवं. कारण लेखी द्या म्हटल्यावर साहेब जेवायला गेले. मसुद्यात ‘अमुक उर्फ तमुक’ एवढं असतं तर काम झालं असतं, आणि हे व्हॉट्सॲपवर सांगायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नसतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून: साक्षीदार, सुट्टी, कुरियर. अजून आठवलं की डोकं फिरतं.

म्हणून इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा खरेदीच्या नोंदीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पॅन आणि पासपोर्ट शेजारी ठेवा. मधलं नाव, स्पेलिंग, आडनाव, जिथे जिथे फरक दिसेल तिथे सरळ ‘उर्फ’ घाला. मगच अपॉइंटमेंट घ्या. आणि मसुदा कार्यालयातल्या माणसापेक्षा त्याच कार्यालयात रोज दस्त नोंदवणाऱ्या वकिलाला दाखवा. दोन पैसे जातील, जाऊ देत.

नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्ये परदेशात राहणाऱ्यासाठी नोटरी आणि भारतीय वाणिज्यदूत दोघेही चालतात, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बरोबर आहे. पण टेबलावर कलम वाचून दाखवायला तुम्ही तिथे नसणार, भाऊ असणार. त्याला वकिलातीचा शिक्का द्या आणि मोकळे व्हा.

माझं वैयक्तिक मत: सख्खा भाऊ असला तरी सरसकट कुलमुखत्यारपत्र देऊ नका. त्याच एका फ्लॅटपुरतं विशेष करा, आणि दस्तावर सही करणं, नोंदणी कार्यालयात कबुली देणं, सोसायटीचा ना-हरकत दाखला घेणं असे अधिकार एकेक करून लिहा. नोंदणीच्या वेळी मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही आणि बहीण हयात आहे, असं घोषणापत्र त्याला द्यावं लागेल. तो दचकू नये म्हणून आधीच सांगून ठेवा.

मी वकील नाही. फ्लॅट दुसऱ्या राज्यात असता तर यातलं बरंच बदललं असतं.

आणि हो, मुद्रांक शुल्क. परदेशात सही झालेला कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. तो कधी पोचला हे दाखवायला कुरियरचं पाकीट उपयोगी पडतं, तेव्हा भावाला ते फेकू नकोस म्हणावं.