‘फायर’ नाही केलं, ‘ले-ऑफ’ झालाय

इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी माझ्याकडे येणाऱ्यांचा हल्ली एक ठरलेला प्रश्न: ‘नोकरी गेली हे इंटरव्ह्यूत सांगायचं कसं?’ ओळख पटू नये इतके तपशील बदलून एक उदाहरण देते.

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारा तिशीतला मुलगा. कंपनीने प्रोजेक्टच गुंडाळला, त्यात हाही गेला. सोबत चिंचवडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले वडील. ते सारखे म्हणत होते, “मॅडम, ले-ऑफच आहे ना? मग बोलावतील की परत.” मुलगा वैतागला, “बाबा, मला फायर केलंय!”

वडील त्यांच्या जागी बरोबर होते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली झालेल्या दुरुस्तीपासून आपल्याकडे ले-ऑफ म्हणजे तात्पुरतं काम नसणं. वीज नाही, कच्चा माल नाही, मशीन बंद पडलं. नाव मस्टरवर राहतं, आणि पात्र कामगाराला मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 50 टक्के भरपाई मिळते. आयटीवाले ज्याला ले-ऑफ म्हणतात तो मात्र बहुतेक वेळा कायमचा निरोप. कायद्याच्या भाषेत कामगार कपात. पण त्यातही दोष कामाचा नसतो. ‘फायर’ करतात ते गैरवर्तन किंवा खराब काम दाखवून. मुलाने स्वतःलाच हा शिक्का मारून घेतला होता.

त्याला मोबाइलवर कंपनीचं पत्र उघडायला लावलं. ‘पद रद्द झाल्याने’ असं स्वच्छ लिहिलेलं. तक्रारीचा शब्द नाही. तो ते दोनदा वाचत राहिला.

मग सराव. “आय लेड ऑफ इन मार्च,” तो म्हणाला. म्हणजे यानेच कुणाला तरी घरी बसवलं! ‘आय वॉज लेड ऑफ’ म्हणायचं. पुढे एकच वाक्य, ‘द होल प्रोजेक्ट वॉज क्लोज्ड’, आणि तिथे थांबून केलेल्या कामाकडे वळायचं. मॅनेजरचं पुराण नको. त्याला तेच आवरत नव्हतं. तीनचार वेळा मध्येच तोडावं लागलं.

एक जाता जाता: एचआर ‘राजीनामाच द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ म्हणाले तर लगेच सही करू नका, आधी कामगार कायद्याच्या वकिलाला विचारा. राजीनामा दिला की कपातीची भरपाई मागणं अवघड होतं.

याने सही केली नव्हती. वडिलांनी लगेच पुढचं विचारलं, “आणि हिशोब?” उरलेल्या पगाराचा आणि देण्यांचा हिशोब अजून यायचाच होता. त्याच बैठकीत रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) आणि हिशोबासाठीचा मेल लिहून पाठवला.