अन्यायी राज्यकर्त्यांसाठीही ख्रिस्ती लोक प्रार्थना का करतात?

हो, करतो. दर रविवारी करतो. राष्ट्रपतींपासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांसाठी, मग त्यांना मत दिलेलं असो वा नसो. राजांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी विनंत्या करा, असं बायबलमध्ये तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दुसऱ्या अध्यायात सांगितलंय, आणि तेव्हाचा रोमी कैसर, म्हणजे सम्राट, काही ख्रिस्ती नव्हता. यिर्मया संदेष्ट्याने तर बाबेलला कैद करून नेलेल्या यहुद्यांना, ज्यांनी ओढून नेलं त्यांच्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला लावली.

पण त्या प्रार्थनेत मागायचं काय? यावरून आमच्या घरात दोन वर्षं अबोला होता.

मी सोलापूरची. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या रविवारी मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी करायच्या, प्रार्थनेची पाळी माझी होती. निवडणूक आठवड्यावर आलेली. दुसरं गीत संपलं आणि एक उमेदवार चार-पाच माणसं घेऊन आत आला, थेट पुढच्या बाकावर बसला. माझे मोठे भावजी मंडळीच्या कमिटीवर. ते उठले, त्याला शाल घातली आणि डोळे मिटून म्हणाले, “प्रभू, तुझ्या या सेवकाला विजयी कर.” सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून निघालं नाही.

मग माझी पाळी. मी बायबलमधलं स्तोत्र 72 उघडलं. राजासाठीच केलेली प्रार्थना आहे ती, पण त्यात राजाने दीनांचा न्याय करावा, गरिबांच्या लेकरांना वाचवावं, जुलमी माणसाला चिरडावं, असं मागितलंय. कापलेल्या गवतावर पाऊस पडावा तसा तो राजा यावा, असंही आहे. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी एवढंच म्हटलं, “जो कुणी निवडून येईल त्याला शलमोन राजाने तुझ्याकडे मागितलं तसं मन दे. विडी वळणाऱ्या बायकांचं ऐकणारं मन दे. त्याने लाच खाल्ली तर त्याला सुखाने झोपू देऊ नकोस.” मूळ इब्रीत शलमोनाच्या त्या मागण्याचा अर्थ ‘ऐकणारं मन’ असाच आहे.

उपासना सुटल्यावर भावजींनी दारातच गाठलं. “प्रार्थनेत राजकारण आणलंस तू.”

“आणि भावजी, शाल कुणी आणली होती?”

त्यांनी रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढला, सगळे अधिकार देवाने नेमलेले आहेत म्हणून. लोकांना हा अध्याय तोंडपाठ असतो. पण अधिकारी तुझ्या हितासाठी देवाचा सेवक आहे, हेही त्याच अध्यायात लिहिलंय. सेवकाला काम नीट कर म्हणायचं नाही का? आणि सोलापूरच्या माणसाने तरी हे बोलू नये. 12 जानेवारी 1931 ला आपल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिलं, तेव्हाही सरकार होतंच. सरकारने केलं म्हणून ते देवाचं काम म्हणायचं? नाबोथ नावाच्या माणसाचा मळा बळकावणाऱ्या अहाब राजाला एलीया संदेष्ट्याने त्याच मळ्यात जाऊन सुनावलं. दावीद राजाने पाप केलं तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं, “तो माणूस तूच.” दोघांनीही राजाला शाल घातली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, अन्यायी माणसासाठी प्रार्थना म्हणजे त्याला आशीर्वाद नव्हे. त्याच्या हातून न्याय घडावा म्हणून देवाकडे केलेलं गाऱ्हाणं आहे ते. आणि चर्चमध्ये उमेदवाराच्या विजयाची प्रार्थना झाली तर आमेन म्हणू नका.

मी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही, आणि सगळ्या मंडळ्या एकसारख्या नाहीत. कॅथलिकांच्या गुड फ्रायडेच्या उपासनेत सार्वजनिक पदावरच्यांसाठी ठरलेली प्रार्थनाच असते, तिथे असा प्रसंग येणार नाही. भावजीही वाईट नाहीत. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात रात्र-रात्र जागले ते. आता बोलतो आम्ही, फक्त हा विषय काढत नाही.

भावजी, वाचत असाल तर तुमच्या उशाशी बायबल असतंच. स्तोत्र 72, वचन 4.