सरकारतर्फे उभं राहताना

प्रिय मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून ऑर्डर आली हे कळवलंस, फार बरं वाटलं. एमपीएससीच्या तयारीत कलमं तुझी पाठ झाली असतीलच. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आमच्या तोंडात बसलेलं खुनाचं 302 आता 103 झालं, फसवणुकीचं 420 गेलं 318 मध्ये. त्यात तूच मला शिकवशील. फोनवर तू विचारलंस ते मात्र कलमांत सापडायचं नाही. 'सर, म्हणजे मी फिर्यादीची वकील ना?'

नाहीस. आणि हे पहिल्या दिवशीच पक्कं डोक्यात बसलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

बोर्डावर प्रकरणाचं नाव बघ. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक.' ज्याचं डोकं फुटलं त्याचं नाव तिथे नाही, तो साक्षीदार क्रमांक एक. लोक यावर चिडतात. मार आम्ही खाल्ला आणि केस सरकारची कशी, असं तुला कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी विचारणारच. तुझ्याकडे नेहमी येणारं प्रकरण घे. पेरणीच्या तोंडावर कुणीतरी बांध कोरतो, भाऊबंदांत बोलाचाली होते, एक जण कुऱ्हाडीचा तुंबा दुसऱ्याच्या डोक्यात घालतो. संध्याकाळी ठाण्यात दोन्हीकडच्या फिर्यादी. आता बांध कुणाचा, हे मोजणी आणि दिवाणी कोर्ट ठरवेल. तुझ्या कोर्टापुढे प्रश्न एवढाच की बांधासाठी डोकी फोडायची नाहीत हे त्या गावाला कुणी सांगायचं. जखमीच्या पोरांनी सांगायला घेतलं तर आणखी दोन डोकी फुटतील आणि ते वैर नातवंडांपर्यंत चालेल. म्हणून सरकार ते भांडण त्यांच्या हातातून काढून घेतं. माझ्या मते फौजदारी कायद्याचा हेतू मुळात हाच: ज्याला लागलं त्याने उलटा हात उगारायचा नाही, त्याच्या वतीने सगळ्यांनी मिळून जाब विचारायचा. साध्या दुखापतीत कायदा तडजोडीला वाव ठेवतो, कारण त्या दोघांना उद्या पुन्हा एकाच विहिरीवर यायचं असतं. खुनाच्या खटल्यात मात्र वारसांनी माफ केलं तरी खटला थांबत नाही.

पण एवढी ताकद सरकारच्या हातात दिली की तिला वेसण लागते. या माणसाने नेमकं काय केलं आणि कुठल्या मनाने केलं, हे दोन्ही सिद्ध केल्याशिवाय शिक्षा मागायची नाही, ही ती वेसण.

पहिलं सुटलं की काय होतं ते आपल्याकडेच पाहून घे. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आणि 1911 मध्ये देशभर नेलेलं त्याचं रूप. त्यात गुन्हा घडायची गरजच नव्हती. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातीत जन्म झाला की नाव नोंदवहीत, ठरल्या वेळी हजेरी, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड माणसांचे संसार झाले, मुलं तिथेच वाढली. कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला. कागदावरून तो गेला, ठाण्याच्या सवयीतून पुरता गेलेला नाही. चोरी झाली की आधी कुठल्या पालावर जायचं, हे अजूनही ठरलेलं असतं. रिमांडच्या कागदात 'आरोपी सराईत आहे' एवढंच असेल तर तपासी अंमलदाराला बाजूला घेऊन विचार: या गुन्ह्यात याच्याविरुद्ध काय आहे? मुद्देमाल कुठे मिळाला, पंच कोण, ओळखलं कुणी? त्याला राग येईल, येऊ दे.

दुसरी बाब मनाची. गाडीखाली माणूस मेला, काठीने मेला, ठरवून मारला, प्रेत एकच. तरी कायदा 106 मधला निष्काळजीपणा, 105 मधला सदोष मनुष्यवध आणि 103 मधला खून असे तीन हिशेब वेगवेगळे मांडतो. यातलं 106 तुझ्या कोर्टात सतत येईल. आणि एक जुना निकाल सवडीने, चहा घेत वाच: महाराष्ट्र शासन विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज. हा जर्मन माणूस नोव्हेंबर 1962 मध्ये झुरिकहून मनिलाला निघाला होता. विमान मुंबईत सांताक्रूझला थांबलं, तो खाली उतरलासुद्धा नाही, आणि अंगातल्या जाकिटात 34 किलो सोनं सापडलं. भारतात न उतरवता पुढे जाणारं सोनं आधी चालत असे. मात्र ते विमानाच्या मालयादीत दाखवलंच पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची नवी सूचना 24 नोव्हेंबरच्या राजपत्रात आली होती. तो निघाला 27 ला; ही सूचना मला ठाऊकच नव्हती, असा त्याचा बचाव. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये दोन विरुद्ध एक अशा मताने दोषी धरलं. तस्करी रोखायची तर प्रत्येकाच्या मनात शिरत बसता येणार नाही, असा बहुमताचा रोख. शिक्षा मात्र भोगून झाली तेवढ्यावरच आणली, म्हणजे त्यांनाही कुठेतरी टोचत असावं. त्या तिघांतले न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत लिहिलं: कायद्याने स्पष्ट किंवा अपरिहार्यपणे तसं म्हटलेलं नसेल तर अपराधी मन लागतंच. तू सरकारी वकील, तुला बहुमत उपयोगी पडेल. मला विचारशील तर मी सुब्बा रावांच्या बाजूचा.

शिक्षेच्या हेतूंवर तुझ्या पुस्तकात अख्खं प्रकरण असेल: दहशत, सुधारणा, बदला वगैरे. परीक्षेला ठीक. कोर्टात त्यातलं काय चालतं ते प्रकरणागणिक ठरतं. पहिल्यांदाच पाच हजारांच्या आतली चोरी केली आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर नव्या संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. एकोणीस वर्षांच्या पोराने मोटारीचा पंप उचलला आणि तो परत आला, तर 'कडक शिक्षा व्हावी' हे ठरावीक वाक्य सवयीने म्हणू नकोस. सरकारतर्फे बोलताना तेवढा विचार करायची तुला मुभा आहे, आणि पगारही त्याचाच.

दोषसिद्धीचं प्रमाण म्हणून दर महिन्याला तुझ्याकडून आकडे मागतील. आकडे वेळेत दे, पण त्यांच्यासाठी लंगडी केस रेटू नकोस. पुरावाच नसेल तर खटला मागे घेण्यासाठी कोर्टाची परवानगी मागता येते, ती तरतूद वाचून ठेव.

आता फिर्यादीचं. तू तिची वकील नाहीस म्हणून तिला वाऱ्यावर सोडू नकोस. तारखेच्या आदल्या दिवशी कागद वाच. ती आली की पाच मिनिटं बाकावर बसून तिच्या भाषेत सांग, काय विचारतील, उलटतपासात आवाज चढेल, आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. काय बोलायचं ते पढवू नकोस. मजुरी बुडवून, एसटीने येऊन तिसऱ्यांदा 'पुढील तारीख' ऐकलेली बाई चौथ्यांदा येत नाही, आणि मग आपण साक्षीदार फितूर झाला म्हणतो. साक्षीदार भत्त्याचा अर्ज तिला माहीत नसतो. तो तूच आपणहून भरून घे आणि कारकुनाकडे त्याच दिवशी पाठव.

रुजू झालीस की कोर्ट कुठलं मिळालं ते कळव.

तुझा,
सर