राजा झोपलेला नाही

मेलबर्नहून खानापूरच्या एका लेकीचं पत्र आलंय. प्रश्न बरेच आहेत, पण माझं मन पहिल्यापाशीच अडलं. ती लिहिते, "मावशी, माहेरचा आमचा कुत्रा राजा तेरा वर्षांचा होऊन आषाढात गेला. माझ्या सहा वर्षांच्या लेकीला हे सांगायचं नाही, असं आईबाबांनी बजावलंय. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हणते, राजा दाखवा. बाबा म्हणतात, झोपलाय. नऊ रविवार झाले."

नऊ रविवार! अगं, कुंभकर्णसुद्धा कधीतरी उठायचा.

'ती लांब आहे, उगाच जिवाला घोर नको' हे आपल्या घरांचं जुनं दुखणं. 1986 साली लग्न होऊन मी इंग्लंडला आले. अनगोळहून आईचं पत्र यायचं आणि शेवटी ठरलेली ओळ, 'मनी बरी आहे.' चार वर्षांनी घरी गेले तर मनी कधीच गेली होती, माझं पहिलं पत्र पोचण्याआधी. मांजराचं दुःख आठवड्याभरात ओसरलं. पण पुढे आई फोनवर 'बाबा बरे आहेत' म्हणाली की मला रात्र रात्र झोप लागत नसे. बाबा असेपर्यंत हे असंच चाललं.

आणि मी शहाणी होऊन काय केलं? मुलाचा मासा मेला तेव्हा तो शाळेत असताना दुकानातून दुसरा आणून सोडला. संध्याकाळी काचेला नाक लावून तो म्हणाला, "आई, हा आपला नाही." नंतर कितीतरी दिवस माझं सगळंच बोलणं तो तपासून घ्यायचा.

साधारण पाच ते सात या वयात मुलांना उमजायला लागतं की मेलेलं परत येत नाही. तुझी लेक नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. 'झोपला' म्हणशील तर एखादं मूल स्वतः झोपायलाच घाबरतं. सरळ सांग, राजा म्हातारा झाला, त्याचं शरीर चालेनासं झालं, तो मेला. आता त्याला भूक लागत नाही, दुखत नाही. ती लगेच विचारेल, आजोबापण? तेव्हा 'छे छे' म्हणू नकोस. 'हो, कधीतरी. आज ते बरे आहेत' म्हण, म्हणजे 'बरे आहेत'वर तिचा विश्वास राहील.

मला तर वाटतं, नातीच्या आडून बाबा स्वतःपासूनच लपवतायत. रोज मलप्रभेच्या काठाला त्यांच्याबरोबर जायचा तो राजाच ना? त्यांच्याशी कोण बोललं?

आता मेलेल्या प्राण्यांचे निरोप आणणाऱ्या त्या ऑनलाइन बाई. तू लिहितेस, "त्या म्हणाल्या, त्याला उन्हात बसायला आवडायचं आणि घरातल्या एका माणसावर त्याचा जास्त जीव होता." असं नसलेलं कुत्रं मला दाखव! त्यांना शेजारच्या जिवंत कुत्र्याचा फोटो पाठव आणि बघ काय निरोप येतो. शिवाय आपला राजा मराठी जाणणारा, फार तर कानडीत 'बा इल्ली' (ये इकडे) म्हटलं की येणारा. तो इंग्रजीत कधी बोलायला लागला? राजानं घरावरचं संकट अंगावर घेतलं म्हणून शांती करा, असं सांगणाऱ्या आईच्या गुरुजींनाही हीच फूटपट्टी लाव. मी देव मानते. दत्ताच्या पायाशी कुत्री आहेतच, नामदेव महाराजही तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले, पण ते त्याच्या जिवंतपणी.

कुत्र्याचं सुतक नसतं, दिवाळीची खरेदी खुशाल कर. नवं पिल्लू आधी भाड्याचा करार वाचून. मराठी शाळेचं पुढच्या खेपेला बघू.

रविवारची वाट बघू नकोस. लेक शाळेत असताना बाबांना फोन लाव. तुझ्याकडे दुपारचे दोन म्हणजे खानापुरात साडेनऊ, त्यांचा दुसरा चहा चालू असेल. त्यांना परसातल्या पेरूखाली जाऊन बसायला सांग, जिथं राजाला पुरलंय. मग तू फक्त ऐक.