वाचकांचे प्रश्न : आरोप खरा की नुसतीच कंडी?

प्रश्न : आमच्या प्रभागातील एका माजी नगरसेवकाने उद्यानाच्या कामाचा निधी खाल्ला, ठेका आपल्याच भावाला मिळवून दिला आणि आता उद्यानाची जागासुद्धा बिल्डरला विकली, असा संदेश सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरनिराळ्या लोकांकडून येत आहे. उद्यान अर्धवट पडले आहे, हे खरेच आहे. बाकीचे कुणालाच ठाऊक नाही. तरीही त्यांच्या घरच्या लग्नाला जायचे नाही, असे काही शेजाऱ्यांनी ठरवून टाकले आहे. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असे सगळे म्हणतात. मी काय समजावे?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : या संदेशात एक नव्हे तर तीन आरोप आहेत आणि त्यांची उत्तरे महापालिकेच्या व भूमापन खात्याच्या वेगवेगळ्या टेबलांवर मिळतात. डोळ्यांना दिसणारी एक खरी गोष्ट, म्हणजे अर्धवट उद्यान, पुढे करायची आणि तिच्या आडून बाकीच्या गोष्टी खपवायच्या, ही कंड्या पिकवणाऱ्यांची जुनी रीत आहे. म्हणून पहिले काम म्हणजे हे आरोप सुटे करणे.

‘निधी खाल्ला’ या शब्दांना सभेत टाळ्या मिळतात. परंतु नगरसेवकाच्या हातात रोख निधी कधीच दिला जात नाही. तो काम सुचवतो. त्यानंतर अभियंता अंदाजपत्रक तयार करतो, प्रशासकीय व तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते, ठेकेदाराला कार्यादेश दिला जातो, झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत होते आणि तिच्या आधारे लेखा विभाग देयक अदा करतो. पैसा गेलाच असेल, तर तो या पायऱ्यांपैकी कुठेतरी गेला असणार आणि त्या प्रत्येक पायरीवर कुणाची तरी सही असणार. काम न होताच देयक निघाले, काम निकृष्ट झाले, की देयकच न निघाल्यामुळे ठेकेदाराने काम सोडले, या तीन अगदी भिन्न गोष्टी आहेत आणि त्यांचे दोषीही भिन्न असू शकतात. तुमच्या ग्रुपवरील संदेशात मात्र एकच नाव आहे. मला अफवेचे सर्वांत मोठे नुकसान हेच वाटते: जिच्यावर आरोप होतो ती व्यक्ती बदनाम होतेच, परंतु ज्यांच्या सह्या कागदावर आहेत त्यांना कुणी प्रश्नच विचारत नाही, आणि उद्यान आहे तसेच राहते.

तारखा अवश्य तपासा. नाशिक महापालिकेच्या १२२ नगरसेवकांची २०१७ साली निवडून आलेली सभा मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्याने संपुष्टात आली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. उद्यानाचा कार्यादेश २०२३ किंवा २०२४ मधील निघाला, तर त्या वेळी हे गृहस्थ पदावरच नव्हते, एवढी एकच गोष्ट अर्ध्या संदेशाचा निकाल लावते. याउलट, ते पदावर असताना स्वतःचा किंवा भागीदारामार्फत महापालिकेच्या कंत्राटात त्यांचा हितसंबंध होता असे कागदावरून दिसले, तर बाब किरकोळ राहत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० नुसार नगरसेवकाच्या अपात्रतेचे ते एक कारण आहे. ठेकेदार भाऊ असणे आणि कंत्राटात स्वतःचा वाटा असणे यांत फरक आहे, आणि तो फरक करार पाहिल्याशिवाय कळत नाही.

जागेच्या आरोपात बहुधा गैरसमज असतो. विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण पडले म्हणजे जागा महापालिकेची झाली, असे लोक धरून चालतात. ती संपादित झाली नसेल तर मूळ मालकाच्याच नावावर राहते आणि तो ती विकूही शकतो. आरक्षण मात्र खरेदीदाराकडे जागेबरोबरच जाते. नगररचना विभागात आरक्षणाची आणि नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेची चौकशी केल्यास मालक कोण, हे कळेल.

कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकार अधिनियम, २००५ पुरेसा आहे. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांपर्यंत, त्यामुळे उद्यानाचे काम व जागा यांसाठी दोन अर्ज करावेत. ‘भ्रष्टाचार झाला आहे का?’ असे विचारू नये, कारण मत देणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे काम नाही. कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती, असे नेमके मागावे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा समाधान न झाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. कागदांवरून आरोपात तथ्य दिसले, तर त्यांच्या प्रतींसह आयुक्तांकडे किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे सहीनिशी तक्रार करावी. त्यात संकोच नको. गुन्हेगारी खटले, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती तर निवडणूक लढवताना उमेदवाराने स्वतःच शपथपत्रात दिलेली असते. ती न वाचता त्याच्या संपत्तीबद्दल कट्ट्यावर अंदाज बांधणे हा निव्वळ आळस आहे.

लग्नाला जावे की नाही, हा तुमचा घरगुती निर्णय. लग्न त्या मुलीचे किंवा मुलाचे असते, नगरसेवकाचे नव्हे, इतकेच सुचवतो.

प्रश्न : मी सिडकोतील एका ग्रुपचा ॲडमिन आहे. एका इच्छुक उमेदवाराविषयी आलेला मजकूर मी ‘खात्री करून घ्या’ असे लिहून पुढे पाठवला. यात माझ्यावर काही येऊ शकते का? शेवटी हे राजकारण आहे. यात कुणाचा जीव तर जात नाही.
– एक वाचक, सिडको

उत्तर : येऊ शकते. मजकूर दुसऱ्याने लिहिला असला तरी तो पुढे पाठवणे हेही बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध करणेच ठरू शकते, आणि ‘खात्री करून घ्या’ हे शब्द त्यातून सुटका करत नाहीत; खात्री करण्याचे काम पाठवणाऱ्याचे असते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत साध्या कारावासाची तरतूद आहे. निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा म्हणून उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी खोटे विधान करणे हा कलम १७५ खाली वेगळा गुन्हा आहे. ॲडमिन म्हणून मात्र इतरांच्या प्रत्येक संदेशाचे ओझे आपोआप तुमच्यावर येत नाही. समान उद्देश असल्याचे दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तुमच्या बाबतीत अडचण ही, की मजकूर तुम्हीच पाठवला.

जीव जात नाही, हे म्हणणे उत्तर महाराष्ट्रात तरी कुणी करू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातील मालेगावात एका कुटुंबाला पोलिसांनी जमावाच्या तावडीतून सोडवले. ती अफवा राजकीय नव्हती, परंतु तीही अशाच संदेशांतून, अशाच ‘सावध राहा’ म्हणणाऱ्या लोकांकडून पसरली होती. ज्या ग्रुपवर तो मजकूर टाकला त्याच ग्रुपवर, तो तपासलेला नव्हता असे आजच स्पष्ट लिहा.

प्रश्न : सिंहस्थासाठी आमच्या भागातील जमिनी जाणार, अशी गट क्रमांकांची यादी फिरत आहे. एक स्थानिक पुढारी ‘तुमचा गट मी वगळून आणतो’ म्हणतो, तर एक दलाल आत्ताच विकून मोकळे व्हा म्हणतो. कुणाचे ऐकावे?
– एक शेतकरी, नाशिक तालुका

उत्तर : दोघांचेही नाही. संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली असेल, तर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात आणि त्या भागातील दोन दैनिकांत प्रसिद्ध करावी लागते. त्यांपैकी एक दैनिक प्रादेशिक भाषेतले असते. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, तसेच तहसील व जिल्हाधिकारी कार्यालयातही ती लावली जाते आणि हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. वाटाघाटीने थेट खरेदी असेल, तर तुमच्या संमतीशिवाय ती पुढे सरकत नाही. सही, शिक्का व तारीख नसलेल्या यादीतून गट वगळून आणण्याचे श्रेय घेणे सोपे आहे, कारण तो गट मुळात यादीत होता याचाच पुरावा नसतो. भीतीपोटी स्वस्तात विकलेली जमीन मात्र परत मिळत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या भूसंपादन शाखेत आपला गट क्रमांक देऊन लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. पुढाऱ्याला अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक विचारा, आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत दलालाच्या विसार पावतीवर सही करू नका.